रिकामी वाटी

"मालूला म्हणावं, खीर गोड झाली होती," पडद्यावरची आई खळखळून हसत म्हणाली.

विदुलाने ओठ आवळले. आई गेल्यावर यंत्राने तिला आठवणींतून पुन्हा घडवलं होतं. आठवणी देणाऱ्या दोघीच, विदुला आणि शेजारच्या मालूकाकू. पण आईच्या तोंडी सदा मालूच.

तिने काकूंची खिरीची वाटी घासली आणि तशीच रिकामी त्यांच्या हातात ठेवली.

"यापुढे काही पाठवू नका, काकू. आई माझी आहे."

त्या दोन घरांत वाटी कधी रिकामी परतली नव्हती. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी असायची. काकू वाटीकडे बघत राहिल्या.

"बरं बाई. मग माझ्या आठवणी मी काढून घेते. हेमाला, तुझ्या आईला, हसताना तू शेवटचं कधी पाहिलंस, ते आठवून ठेव. उपयोगी पडेल."

संध्याकाळी विदुलाने पडदा सुरू केला. आई आली, पण तिचं हसू गेलं होतं. गाणं, थट्टा, खिरीची चव, सगळंच गेलं होतं. उरली होती ती विदुलाच्या आठवणीतली आई, परदेशातून दर रविवारी घाईघाईत केलेल्या फोनवरची.

"जेवलीस का?" आईने विचारलं.

"हो. आई, काहीतरी बोल ना."

"कधी येणार आहेस?"

"आलेय गं. तुझ्यासमोरच बसलेय."

"बरं, कामात असशील. ठेवते," आई म्हणाली. मग जरा थांबून तिने पुन्हा विचारलं, "जेवलीस का?"