देवाची जागा

“मधोमध बसा, सायेब. कडंला सरकलासा की काहील कलती,” केरबा म्हणाला.

विम्याचे साहेब गूळ रटरटवायच्या पसरट कढईत, काहिलीत, बॅग छातीशी धरून बसले. केरबा पाण्यात पोहत ती ढकलू लागला. त्याची नाव महिन्यापूर्वी इथंच, कृष्णेत बुडाली होती. तिची पाहणी करायला साहेब सांगलीहून आले होते.

गावाकडच्या काठावर नाव वाळूत ओढून ठेवलेली होती. पाण्याखालच्या बाभळीच्या बुंध्यानं पुढच्या टोकाची, नाळेची फळी आतवर फोडली होती. साहेबांनी टेप लावून मापं घेतली, मग सरपंच नानासोंनी अंथरलेल्या घोंगड्यावर फॉर्म उघडला. केरबाची बायको बनुबाई मागं उभी राहिली.

“शहात्तर सालचा परवाना किती माणसांचा?”

“बारा.”

“आणि त्या दिवशी नावेत?”

“बाराच.”

“म्हणजे जादा भार नव्हता.”

“व्हता, सायेब.”

नानासोंच्या तळहातावरची तंबाखू तशीच राहिली. “आरं गड्या, जिभंला आवर! विमा न्हाई मिळाला तर नवी नाव कोन दील तुला? सारा गाव काय काहिलीतनं न्हेनार हाईस व्हय?”

साहेबांनी चष्मा काढला. “तेरावा कोण होता?”

“तेरावा न्हवता. लोक बाराच. पर आमी अकराच घेतो. नाळंवरची जागा द्येवाची. तितं शेंदूर लावलाय, बगा. आदी द्येवाला ‘या, बसा’ म्हनायचं, मग दोनपासनं मानसं मोजायची. आज्यानं तसंच केलं, बानं तसंच केलं.”

“मग?”

“अष्टमीचा सप्ता व्हता पल्याड. काल्याचं कीर्तन. अकरा जनं बसली. माजी थोरली भन, राहीआक्का, काठावर ऱ्हायली. गळ्यात टाळ. म्हनली, सात दिस ऐकलं रं, आन् आता काला चुकवू व्हय?” केरबा फुटक्या फळीकडं बघत राहिला. “मी द्येवाला म्हनलं, आजच्या दिस तुमी चालत या. आन् आक्काला त्येच्या जागंवर बसिवली.”

अकरा जण काठाला लागले होते. राहीबाई टाळासकट गेली होती. तेवढं फॉर्मवर आधीच लिहून झालं होतं.

“देवाचं वजन कागदावर धरत नाहीत, केरबा,” साहेब हळू आवाजात म्हणाले.

“म्या कुटं धरा म्हन्तोय? त्यो नावंत न्हवताच. त्येच लिवा.”

साहेबांनी लिहिलं : जादा भार नाही. शाईचा पॅड पुढं केला. केरबा अंगठा मुठीत घट्ट आवळून बसला.

बनुबाई वाकली. “आवं, आक्काची नात रोज पल्याड साळंला जाती. तिला काय पवत धाडायची?” तिनं त्याची मूठ सोडवली, अंगठा धरला, शाईत बुडवला आणि कागदावर टेकवला. केरबानं डोळे मिटून घेतले होते.

“मिळेल नवी नाव,” साहेब म्हणाले.

“मिळंल की. पर मी बोलिवल्यावर त्यो बसंल का, सायेब?”

परतताना ऊन उतरलं होतं. मध्यावर पाण्याला ओढ होती. काहिलीच्या बुडाला खालून काहीतरी लागलं. एकदा किणकिणलं, जरा थांबून पुन्हा. टाळ धरताना पहिल्या अभंगाआधी होतं तसं. केरबाचे हात थांबले. काहील जागच्या जागी फिरू लागली.

साहेबांनी पाण्याकडं पाहिलं, केरबाकडं पाहिलं. मग बॅग मांडीवर घेऊन ते अगदी एका कडेला सरकले. समोरची जागा मोकळी झाली.

“या, बसा,” ते पुटपुटले.

काहील कलली नाही.