खालून तिसरा कागद

अठ्ठावीस कागद, आणि सातव्या प्रश्नाला अठ्ठावीस वेळा 'कधीच नाही'.

सुल-गीने शिक्षकांच्या खोलीत बसून गठ्ठा पुन्हा एकदा चाळला. दोन आठवड्यांपूर्वी याच वर्गातल्या याच मुलींपैकी अकरा जणींनी 'जवळजवळ रोज'ला गोल केला होता. दोन्ही खेपांना उत्तरं जुळली तरच प्रश्न टिकतो, हा चाचणीचा नियम. जुळली नाहीत की प्रश्न छपाईआधीच गळतो. मुलांच्या मनाचं आरोग्य तपासणारी ही प्रश्नावली पुढच्या महिन्यात देशभरातल्या शाळांत जायची होती. तिच्यातला हा एक प्रश्न सुल-गीला जिवापाड आवडत होता, कारण तो तिचा नव्हता. तो बो-रामने दिला होता.

मूळ प्रश्न ऑफिसात बसून लिहिलेला: 'उदास वाटल्यामुळे तुझी रोजची कामं थांबली, असं कधी झालं का?' मुलांना तो कसा कळतो हे पाहायला सुल-गी शाळेच्या वाचनालयात एकेकीला घेऊन बसली. पंधरा वर्षांच्या बो-रामने 'नाही'ला गोल केला, केळ्याच्या दुधात नळी खुपसली आणि हसू लागली.

"थांबतील कशी, मॅडम? शिकवणी रात्री दहाला सुटते, खाली आई गाडी घेऊन उभी. आतून मेलेली असले तरी सगळं होतं. तुम्ही 'थांबलं का' विचारलंत, म्हणून मी 'नाही' म्हटलं."

सुल-गीने तो प्रश्न तिथल्या तिथे खोडला. दोघींनी मिळून नवा लिहिला: 'मनात काहीच उरलेलं नसताना, थांबायची सोय नाही म्हणून दिवस ढकलला, असं किती वेळा झालं?' साहेबांनी नाक मुरडलं, लांबलचक आहे म्हणाले. सुल-गी त्यांच्याशी भांडली आणि जिंकली. तोवर बो-राम तिला ताई म्हणू लागली होती. तिने एकच गोष्ट विचारून घेतली, कोणाला कळणार तर नाही ना. सुल-गी म्हणाली, "नाव नाही, नंबर नाही. कोणी काय लिहिलं ते मलासुद्धा कळणार नाही." बो-रामने वर्गात जाऊन सगळ्यांना सांगितलं, बिनधास्त खरं लिहा, ही ताई आपली आहे. म्हणून पहिल्या खेपेला अकरा जणी बोलल्या.

आज सुल-गीने फळ्यापाशी उभं राहून तेच वाक्य पुन्हा म्हटलं, तेव्हा मागून कोणीतरी फिसकन हसलं. बो-रामने मान वर केली नाही.

वर्गशिक्षक गुक सर चपला फरफटवत आले. त्यांच्या हातात कॉफीचे दोन कागदी पेले होते. एक त्यांनी तिच्यापुढे ठेवला. मधल्या दिवसांत वर्गात काही घडलं का, असं तिने विचारलं.

घडलं ना, असं म्हणून ते कौतुकाने सांगू लागले. पहिल्या खेपेचे कागद पाकिटात भरण्याआधी त्यांनी नजरेखालून घातले होते. मग अकराही जणींच्या आयांना त्यांनी स्वतः फोन केला. बो-रामच्या आईने तर तिचा चित्रकलेचा वर्गच बंद केला. नको ते विचार तिथूनच येतात म्हणे. आता बाकीच्या दहा जणी बो-रामला जेवायला आपल्यात घेत नाहीत. होईल हळूहळू ठीक, सर म्हणाले, मुली आहेत.

"पण नावं कशी कळली तुम्हाला?"

"नाव कशाला लागतं? शेवटच्या बाकावरची उठते, पुढे येत येत एकेकीचा कागद आपल्या कागदावर ठेवते. खिडकीकडची रांग सगळ्यात खाली. कोण कुठे बसतं तो तक्ता माझ्या टेबलावर चिकटवलाय." मग त्यांचा आवाज उतरला. "उद्या एखादीने काही बरंवाईट करून घेतलं, तर लोक मलाच विचारणार. तुम्हाला नाही."

पहिलीपासून बारावीपर्यंत सुल-गीनेही कागद असेच पुढे दिले होते. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून तिने उत्तरांना नुसते गोल ठेवले, तारखेची जागासुद्धा काढून टाकली. आणि रोजच्या डोळ्यांसमोरची गोष्ट तिला दिसली नाही. कॉफी पाजणाऱ्या या माणसाने केसाने गळा कापला, असं तिला वाटलं. आणि लबाडीने कापला असता तरी बरं झालं असतं. त्याने तो काळजीपोटी कापला होता, त्यामुळे त्याच्यावर धड चिडताही येईना.

घंटा झाली. सर तासाला गेले. गठ्ठा टेबलावर तसाच होता.

सातवा प्रश्न गेला, हे तिने मनाशी कबूल केलं. आता एवढंच कळायला हवं होतं, की निदान बो-रामचा तरी आपल्यावर विश्वास उरलाय का. प्रत्येक कागदाच्या शेवटच्या पानावर, वाटलं तरच लिहायची, एक रिकामी चौकट होती, 'आणखी काही सांगायचं आहे?' ते पान तिने अजून कोणाचंच उघडलं नव्हतं. तिने खोलीत इकडेतिकडे पाहिलं. बो-राम खिडकीकडच्या रांगेत बसायची, मागून तिसरी.

तिने गठ्ठा उचलून धरला आणि खालचे कागद बोटाने सोडवले. एक, दोन, तीन. तिसरा ओढून काढला आणि शेवटचं पान उलटलं.

चौकटीत पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं:

'ताई, तुम्हीपण मोजलंत ना?'