लाल कापडातली देवी

तानुबाईच्या देव्हाऱ्यात आपलंच पुस्तक पाहून वामनराव दारातच थबकले. लाल कापडी बांधणीवर हळदीकुंकवाचे थर चढले होते. वरच्या चित्रातल्या शितळादेवीचा चेहरासुद्धा त्यात बुडाला होता. पानांच्या जोडलेल्या कडा मात्र वाचण्यासाठी कुणी कापल्याही नव्हत्या.

“पाहा,” देवीची लस टोचणारा सरकारी माणूस, गोवर्धन, हळूच म्हणाला. “घरोघरी हेच आहे. मी सुई काढली की बायका म्हणतात, आमच्याकडे देवीची पोथी आहे. म्हणून तुम्हाला ओढून आणलं.”

वामनरावांना काही उमजेना. अमरावतीच्या कापूसबाजाराजवळ त्यांचं पुस्तकांचं दुकान. मुलांना देवीची लस टोचून घ्या, असं सांगणारं हे पुस्तक त्यांनी मुंबईहून मागवलं, तेव्हा त्याला साधं पिवळं वेष्टन होतं. त्याला कुणी हात लावला नाही. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपलेली, इकडे कापसाला कधी नव्हे तो भाव आलेला. कापसाच्या गाड्या रिकाम्या झाल्या की लोक लुगडी घेत, चांदीचे गोठ घेत आणि दुकानावरून सरळ पुढे जात. मग वामनरावांनी सगळ्या प्रती अकोल्याच्या जिनगराकडून नव्यानं बांधून घेतल्या. लाल कापड, सोनेरी रेघ, वर गाढवावर बसलेली शितळादेवी. बघता बघता गठ्ठे संपले. वऱ्हाड वाचायला लागलं, असं त्यांना वाटलं होतं.

आता शेजारच्या आळीत देवीची साथ शिरली होती. कालच तिथलं एक लेकरू गेलं होतं. आणि तानुबाई नातीला, जमुनाला, पोटाशी धरून बसली होती.

“देवी घरात हाये आमच्या,” ती म्हणाली. “तिच्यासमोर पोरीले सुई कावून टोचू?”

“तानुबाई, त्या पुस्तकातच टोचून घ्या असं लिहिलंय.”

“मले कुठं वाचता येते? तुमी वाचा.”

वामनरावांनी देव्हाऱ्यातलं पुस्तक उचललं, जोडलेली पानं कडेनं फाडून मोकळी केली आणि ते वाचायला लागले. तानुबाईनं डोक्यावर पदर घेतला, हात जोडले. टोचल्यानं ताप थोडा येतो, फोड एकच येतो, मूल वाचतं, हे सगळं तिनं आरती ऐकावी तसं ऐकलं. मग डोळे उघडले.

“हे देवी म्हनते, का तुमी म्हनता?”

गोवर्धननं मागून कोपरानं ढोसलं. हो म्हणा, एवढंच त्याचं म्हणणं. हो म्हटलं तर पोर वाचत होती. नाही म्हटलं तर पुस्तकही जाईल आणि पोरही. वरचं चित्र खरं का आतली अक्षरं खरी, हे त्यांचं त्यांनाच कळेनासं झालं.

“देवी नाही म्हणत,” शेवटी ते म्हणाले. “डॉक्टर म्हणतो. चित्र मी लावलं, लोकांनी घ्यावं म्हणून.”

गोवर्धननं कपाळाला हात लावला. तानुबाईनं पुस्तकाकडे पाहिलं, मग वामनरावांकडे. रागावली का रडणार, काही कळेना.

“मंग तुमी घेतलं का टोचून?”

पुस्तक वामनरावांनी मागवलं होतं, वाचलं होतं, बांधून घेतलं होतं, गावोगाव खपवलं होतं. सुई मात्र कधी अंगाला लागू दिली नव्हती. उद्या घेऊ, पुढच्या हिवाळ्यात घेऊ, असं म्हणता म्हणता राहूनच गेलं होतं.

त्यांनी पुस्तक खाली ठेवलं. अंगरख्याची बाही खांद्यापर्यंत सारली आणि डोळे मिटून दंड गोवर्धनपुढे केला.

“आधी मला.”

सुई टोचली तसे ते लहान पोरासारखे कळवळले. तानुबाई पुढं सरकली, दंडावरचा रक्ताचा थेंब तिनं निरखून पाहिला, आणि जमुनाचं झबलं खांद्यावरून खाली ओढलं.

“आता हिले.”