गुडघाभर भिंत

काल सूर्य मावळला तसे घळीच्या तोंडाशी चाललेले भिंतीचे काम थांबले. ज्याच्या हातात जो दगड होता तो त्याने जिथल्या तिथे खाली ठेवला आणि घळीत लपलेले लोक बाजूला झाले. शब्बाथ लागला होता, यहुद्यांचा आठवड्याचा विसाव्याचा पवित्र दिवस; तो सरेपर्यंत दगड उचलण्याएवढेही काम करायचे नाही. आता सकाळ झाली होती, भिंत गुडघाभरच होती आणि खालच्या वाटेने, त्यांचा धर्म मोडायला निघालेल्या परक्या राजाचे शिपाई वर येत होते.

त्यांना घाई नव्हती. शिरस्त्राणे कमरेला अडकवून, गप्पा मारत ते चढत होते. या दिवशी ही माणसे अंगावर आलेल्या तलवारीपुढेही हात उचलत नाहीत, हे त्यांना मागच्या शब्बाथला पलीकडच्या गुहेत कळून चुकले होते. तिथे कुणी दगड फेकला नव्हता, की गुहेचे तोंड बुजवले नव्हते. शिपायांनी तोंडाशी जाळ केला आणि आत शिरले. त्या गुहेत एल्याशीब गुरुजींची मुलगी तिर्सा होती. तिची दोन्ही मुले होती.

काल संध्याकाळी हनानेल डोंगरातून निरोप घेऊन आला होता. बंडाच्या पुढाऱ्यांनी बसून ठरवले होते, की शब्बाथच्या दिवशी कुणी मारायला आलेच तर लढायचे. लोकांनी ऐकून घेतले, पण जागचे कुणी हलले नाही. एक म्हातारा मेंढपाळ एवढेच म्हणाला, की पुढारी हे आजचे. दिवस कसा पाळायचा ते आम्हाला गुरुजींनी शिकवलंय, त्यांनी सांगावं. घळीतल्या निम्म्या लोकांना लहानपणी गुरुजींनीच शिकवले होते. रात्रभर सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले आणि गुरुजी रात्रभर गप्प राहिले.

आता हनानेल त्यांच्यासमोर उकिडवा बसला.

"गुरुजी, आता तरी बोला. तुमच्याच हातचा मार खाऊन मोठा झालोय मी. शब्बाथला झाडावरचं अंजीर तोडलं म्हणून हा कान पिळला होता तुम्ही. अजून दुखतो."

गुरुजी हसले नाहीत. "नियम बदलला कधी?"

"परवा."

"म्हणजे मागच्या शब्बाथला जुनाच होता."

हनानेल जमिनीकडे बघू लागला. मग हळू आवाजात म्हणाला, "गुहेची बातमी आली, तेव्हाच सगळे बसले, गुरुजी. म्हणाले, आपण सगळेच असे मेलो तर शब्बाथ पाळायला उरणार कोण?"

"एवढं कळायला माझी तिर्सा लागली का त्यांना?"

खालून शिपायांचे हसणे ऐकू येऊ लागले होते. कुणीतरी गाणेही म्हणत होता.

गुरुजींनी भोवती पाहिले. बायाबापड्या, म्हातारे, चार धडधाकट तरुण. सगळे हात बांधून उभे. पायाशी दगड पडलेले. 'उचला' म्हटले, तर तिर्सा आणि तिची पोरे उगाच गेली. 'नको' म्हटले, तर दुपारपर्यंत हेही त्यांच्यामागे जातील.

मोठ्या खडकाआड लहान मुलांना बसवले होते. त्यांतली चार-पाच वर्षांची एक मुलगी मातीत खड्यांशी खेळत होती. गुरुजींची नजर आपल्याकडे वळलेली पाहताच तिने मूठ उघडली, खडा सोडून दिला आणि रिकामा पंजा त्यांना दाखवला. शाबासकी मिळेल म्हणून ती तशीच बघत राहिली.

गुरुजी उठले. भिंतीपाशी गेले.

"उचला," ते म्हणाले. "मी सांगतोय. पाप लागलंच तर ते माझं."

तरीही कुणी हलेना. तेव्हा ते वाकले आणि पायाजवळचा एक दगड त्यांनी स्वतः उचलला. मग कुठे पहिल्यांदा तो मेंढपाळ खाली वाकला, मग हनानेल, मग सगळेच. दगडावर दगड पडू लागले. एक बाई दगड रचता रचता रडत होती आणि त्याच दमात देवाची क्षमा मागत होती. खाली गाणे थांबले. पुढचा शिपाई थबकला, वर बघू लागला आणि त्याने कमरेचे शिरस्त्राण सोडवून डोक्यावर चढवले.

एकटी शलोमीथ उभी होती. ती तिर्साची नणंद. त्या धुरातून रांगत बाहेर पडलेली ती एकटीच. तिच्या दोन्ही हातांना तेलात भिजवलेल्या चिंध्या गुंडाळल्या होत्या. ती गुरुजींच्या शेजारी येऊन उभी राहिली. त्यांच्या हातातल्या दगडाकडे बघत राहिली.

"तिर्सानंही उचलला होता," ती म्हणाली. "पहिला शिपाई आत यायला वाकला तेव्हा. एवढाच होता. तिचा नेम चुकला नसता. मग म्हणाली, बाबांना काय वाटेल. आणि ठेवला खाली."

एवढे सांगून ती मुलांकडे निघून गेली.

भिंत कमरेपर्यंत आली. मधे एका दगडाची जागा राहिली होती. "इथं ठेवा, गुरुजी," हनानेल म्हणाला. ऐकू गेले नसेल असे वाटून त्याने पुन्हा सांगितले. मग हात पुढे करून म्हणाला, "द्या इकडे, मी ठेवतो."

गुरुजी दगड छातीशी धरून उभे होते. तो त्यांना खाली ठेवता येईना.