विभागप्रमुखांचं पाणी

“पाणी! अरे, पाणी टाका कोणी!”

रसायनशास्त्राचे विभागप्रमुख गजानन सर उजवा हात वर धरून ओरडत होते. हातावर तीव्र सल्फ्युरिक ॲसिड सांडलं होतं. बी.एस्सी.ची पोरं भिंतीला चिकटली. अकरा वर्षं संविदेवर, म्हणजे कंत्राटावर असलेल्या लॅब अटेंडंट करुणानं नळ फिरवला. नळ खाकरला आणि गप्प झाला. सौसर गावात त्या दिवशी नळाच्या पाण्याची पाळी नव्हती.

चूक सरांचीच होती. प्यायचं पाणी ते ॲसिडच्या रिकाम्या बाटलीत ठेवत आणि वरचं लेबल मुद्दाम तसंच राहू देत. म्हणजे कोणी हात लावायला नको. ‘कोणी’ म्हणजे कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं, करुणालाही. खालच्या स्टाफरूममधल्या माठाला तिनं शिवू नये, असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे तो नियम कधी मोडला गेला नाही. लेबलांचे नियम मात्र लॅबच्या दारावर ठळक रंगवलेले होते.

आज तहान लागली तेव्हा सरांनी शेजारची, खरीखुरी ॲसिडची बाटली उचलली. पेल्यात ओतताना हात हलला, म्हणून घसा वाचला.

“काऊन पाहून राहिली? ती दुसरी बाटली ओत! तिच्यात पाणी हाये!”

“लेबल तर ॲसिडचंच हाये, सर.”

“मी सांगून राहिलो ना! माहं पाणी हाये ते!”

“तुमाले मघाशीबी तसंच वाटलं होतं.”

मागं एक पोरगं फिसकन हसलं. करुणानं टेबलाखालून दहा लिटरची कॅन ओढली. माठ तिला बंद असल्यामुळे ती रोज बोरगावच्या घरून स्कुटीवर पाणी आणायची.

“हे कुठलं पाणी?” सरांनी विचारलं.

“माह्या घरचं. टाकू का नको?”

सरांनी कॅनकडे पाहिलं. मग पोरांकडे पाहिलं. ते तीनेक सेकंद विचार करत राहिले. ॲसिडला तेवढी सवड नसते.

“टाक.”

तिनं हातमोजे चढवले, त्यांचं मनगट पकडलं आणि कॅन संपेपर्यंत धार धरली. सरांनी तोंड दुसरीकडे फिरवलं होतं. हात मात्र धारेखालून तसूभरही हलवला नाही. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पाणी वेळेवर पडलं म्हणून निभावलं. दोन दिवस पट्टी, बस.

चौथ्या दिवशी करुणाला नोटीस मिळाली. ‘प्रयोगशाळेत पिण्याचे पाणी ठेवणे हे सुरक्षा-नियमांचे गंभीर उल्लंघन आहे. आपली संविदा नियुक्ती समाप्त का करू नये, याचा खुलासा तीन दिवसांत द्यावा.’

खाली सरांची सही होती. उजव्या हाताची. एकही अक्षर हललेलं नव्हतं.