दादाचे उंदीर

धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया, आणि दादा त्याच आजाराच्या अभ्यासासाठी जनुकं बदललेले उंदीर वाढवणारा मोठा शास्त्रज्ञ. प्रयोगशाळेत आलेल्या पाहुण्यांना पिंजरा दाखवताना त्याची छाती फुगली होती. "धडधाकट उंदीर सोबत्याकडे आपणहून जातो, त्याला हुंगतो. आजारी असतो, तो पाठ फिरवून कोपरा धरतो."

पाहुणे पांगल्यावर ताईने त्याला गाठलं. "अरे, धाकटा रोज तुझी वाट बघतो. दोन वर्षं झाली, पाच मिनिटं तरी येऊन जा."

"हळू बोल गं! इथे कुणाला माहीत नाही." दादाने पाठ फिरवली आणि तो कोपऱ्यातल्या पिंजऱ्यातला भुसा बदललाय का, ते बघत बसला.

घरी धाकटा दारातच उभा होता. "दादा आला?"

ताईने त्याच्या केसांतून हात फिरवला.



"नाही रे राजा. त्याला बरं नाहीये."