नाव खोडून आत टाका

"यांचं नाव? माझ्या हाताने?" काकूंनी काळं पेन काउंटरवर टाकून दिलं.

औषधांच्या दुकानातली मुलगी गडबडली. घरात उरलेली, नको असलेली औषधं जमा करायची पेटी दाराजवळच होती आणि नियम तिच्यावर ठळक लिहिला होता: बाटलीवरचं नाव खोडून मगच आत टाका. लोक पिशव्याच्या पिशव्या रिकाम्या करून जात. नाव खोडायला आजवर कुणी कुरकुर केली नव्हती.

"काकू, कुणाला काय आजार होता ते बाहेर कळू नये, एवढ्यासाठीच हो. द्या, मी खोडते."

"तू कशाला खोडशील गं? तुझं काय वाकडं केलंय त्यांनी?"

ज्यांचं नाव, ते काका शेजारीच उभे होते, चांगले धडधाकट. डॉक्टरांनी सगळी औषधं बंद केल्यापासून त्यांना लहान पोरासारखा हुरूप आला होता. "आण इकडे, मीच खोडतो," ते म्हणाले.

"काही नको! स्वतःचं नाव कुणी स्वतः खोडतं का? तुमचं आपलं काहीतरीच."

शेवटी मुलीनेच तोडगा काढला: खोडू नका, लेबल सोलून काढा. हे मात्र काकूंना पटलं. बाह्या सरसावून त्या नखाने एकेक लेबल सोडवू लागल्या, जराही न फाडता. सोललेली लेबलं ठेवायची कुठे? काकांनी आपला हात पुढे केला. नाव-पत्त्याच्या पट्ट्या मनगटापासून वर वर चढत गेल्या.

मागे एक गृहस्थ खोकत उभे होते. "सावकाश होऊ द्या वहिनी," ते म्हणाले, "तोवर माझा खोकला आपोआप बरा होईल."

सगळे हसले, काकूसुद्धा. बाटल्या एकामागून एक पेटीत पडत होत्या. मग पिशवीच्या तळातून सील न तोडलेली एक बाटली निघाली आणि काकूंचा हात थांबला.

"ही राहू दे."

"अगं, डॉक्टरांनी बंद केलंय ते."

"मुदत आहे अजून हिची."

"असेल. पण घ्यायचं कुणी?"

काकूंनी बाटली मुठीत घट्ट धरली. "ही कपाटात असली की मला झोप लागते," त्या हळूच म्हणाल्या. "उद्या परत काही झालं तर?"

मागच्या गृहस्थांनी खोकलासुद्धा दाबून धरला. वर्षभर रोज पहाटे गजर लावून काकू उठत, गोळी देत, आणि काकांचा पुन्हा डोळा लागला की श्वास नीट चाललाय ना ते बघत बसत. आपल्याला भीती वाटते हे त्यांनी आज पहिल्यांदा तोंडाने कबूल केलं होतं.

काकांची थट्टा कुठल्या कुठे गेली. "काही झालं तर हे दुकान कुठं पळून जात नाही," ते म्हणाले. "डॉक्टरही आहेतच. पण कपाट उघडलं आणि ही बाटली दिसली, की मी पुन्हा पेशंट होतो बघ. कंटाळा आलाय गं मला आजारी असण्याचा."

काकूंनी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. गाल भरले होते. हनुवटीखाली दाढीचे चार केस आजही राहून गेले होते. बघता बघता काकूंनाच हसू आलं. त्यांनी बाटलीचं लेबल सोललं, काकांच्या कोपरावर चिकटवलं आणि बाटली पेटीत टाकली, तीही जरा जोरातच.

बाहेर स्वच्छ ऊन पडलं होतं. काका हात झुलवत फुटपाथवरून निघाले आणि येणारे-जाणारे वळून वळून बघायला लागले.

"अहो, त्या पट्ट्या काढा आधी. लोक बघतायत."

"असू दे. हरवलो तर कुणीतरी घरी आणून सोडेल."

"हरवून तर बघा," काकू म्हणाल्या, आणि सुटत आलेल्या एका पट्टीचं टोक त्यांनी अंगठ्याने नीट दाबून बसवलं.